टीव्ही किती इंचाचा घ्यावा?



घरात नवा मोठा टीव्ही घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "किती इंचाचा घ्यायचा?" आणि लगेच दुसरा, "हप्ता किती बसेल?" माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. आधी भिंत मोजावी, माणसे कुठे बसतात ते पाहावे, घरात रोज प्रत्यक्षात काय पाहिले जाते ते एका कागदावर लिहावे आणि एकूण किती पैसे खर्च करायचे तो आकडा त्याच कागदावर मांडावा. मग दुकानाची पायरी चढावी. कागद नसेल तर सेल्समन सांगेल तो टीव्ही घरी येतो आणि मग त्याच्यासाठी घर बदलावे लागते.

सध्या मोठ्या टीव्हीची विचारणा वाढण्याचे एक कारण कराचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. पुष्कळांची समजूत अशी की किंमत दहा टक्क्यांनी उतरली. तसे नाही. २५ हजारांच्या मूळ किमतीवर पूर्वी कर धरून ३२ हजार होत, आता २९ हजार ५०० होतात. अडीच हजारांचा फरक, म्हणजे जुन्या किमतीच्या आठ टक्क्यांहूनही थोडा कमी. फरक चांगलाच आहे, पण तेवढ्यावर ४३ इंचांचा बेत ६५ इंचांवर जावा एवढा नाही.

दुसरे कारण घरांचे. मुंबईच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या राहिल्या. वरळीच्या पुनर्विकासात पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. अशा नव्या घरात गेलेल्या माणसाला मोठा टीव्ही घ्यावासा वाटला, तर त्याला कोणी नावे ठेवू नयेत. ज्या खोलीत स्वयंपाक, झोप आणि अभ्यास एकत्र चालत असे, तिथून आलेल्या माणसाला स्वतःचा हॉल ही काय चीज आहे, हे ज्याचे त्यालाच कळते.

माझे मामेभाऊ अशाच एका पुनर्विकासाच्या इमारतीत राहायला गेले. टीव्ही घेण्याआधी वहिनींनी मला बोलावून घेतले. "भाऊजी, तुम्ही हिशेबाचे माणूस. यांना आणि पोराला जरा समजवा, पासष्ट इंचाचं डोक्यात घेतलंय दोघांनी." मी टेप घेऊन गेलो.

हॉल दहा फूट रुंद आणि चौदा फूट लांब. समोरासमोर दोन लांब भिंती. एक भिंत मोकळी, सलग. पुतण्याने तिथे पेन्सिलने खुणाही करून ठेवल्या होत्या. त्या भिंतीपलीकडे आतली खोली आणि त्या खोलीत भिंतीला लागूनच पुतणीचे टेबल. तिचे हे दहावीचे वर्ष. टीव्हीचा आवाज भिंतीतून जातो, आणि टीव्ही भिंतीलाच टांगला तर जास्तच जातो. समोरची भिंत बाहेरच्या बाजूची. तिथे मुख्य दरवाजा आणि स्विचबोर्ड यांच्यामध्ये मोकळी जागा नेमकी चार फूट. मामींची कॉट आखूड भिंतीच्या खिडकीखाली, म्हणजे टीव्ही कुठेही लावला तरी त्या तो तिरकाच पाहणार.

मुलीचे टेबल हलवता येईल का, यावर थोडा वेळ चर्चा झाली. हलवता येत नव्हते, कारण उजेड आणि पंखा तिथेच होता. पुतणी स्वतः काहीच बोलली नाही. मामी मात्र म्हणाल्या, "टीव्ही त्या दाराकडच्या भिंतीला लावा, पोरीला आत निवांत बसू दे." तिथे पासष्ट इंचांचा विषय संपला. दुकानात जायच्या आधीच संपला हे बरे झाले.

आता इंचांचे गणित. टीव्हीचे इंच हे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजतात, रुंदी नव्हे. ४३ इंचांचा पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद असतो, ५० इंचांचा १११ आणि ५५ इंचांचा १२२. चार फूट म्हणजे १२२ सेंटिमीटर. ५५ इंचांच्या टीव्हीला वरून चौकट येते, म्हणजे तो त्या जागेत घासूनही बसला नसता. ५० इंचांचा आरामात बसतो. इंच थोडे वाढले तरी क्षेत्रफळ बरेच वाढते, हेही ध्यानात ठेवावे. ५५ इंचांचा पडदा ४३ च्या तुलनेत क्षेत्रफळाने दीडपटीहून मोठा असतो.

डोळ्यांपासूनच्या अंतराचा माझा ढोबळ हिशेब असा. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर इंचांत मोजावे. चांगल्या प्रतीचे चित्र येणार असेल तर त्याला १.६ ने भागावे, साधी चॅनले पाहिली जाणार असतील तर २.५ ने भागावे. भावाच्या घरी अंतर आठ फूट, म्हणजे ९६ इंच. पहिल्या भागाकाराचे उत्तर ६०, दुसऱ्याचे ३८. पुतण्याचे तोंड ६० ऐकून फुलले आणि ३८ ऐकून उतरले.

हा दुसरा भागाकार का करायचा, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण मोठा टीव्ही घेतलेल्यांची सर्वांत जास्त निराशा इथेच होते. फोर-के टीव्हीच्या पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. आपण सेट-टॉप बॉक्सवर जे साधे, म्हणजे एसडी चॅनल पाहतो, त्याच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे जेमतेम सव्वाचार लाखांच्या आत ठिपके असतात. एका ठिपक्याला वीस ठिपक्यांची जागा भरायची असते. टीव्ही आपल्या परीने मधली जागा सारवून घेतो, पण चेहरे पिठात माखल्यासारखे दिसतात आणि खालची बातम्यांची पट्टी थरथरते. पडदा जितका मोठा तितका हा दोष मोठा. लोक म्हणतात टीव्ही खराब निघाला. टीव्ही ठीक असतो, त्याच्यात येणारे चित्र कमी पडत असते.

म्हणून कागदावर लिहायचे: संध्याकाळी सात ते दहा घरात काय चालते? भावाकडे उत्तर होते, मराठी मालिका आणि बातम्या. मुलगा रात्री मोबाइलवर क्रिकेट आणि सिनेमे पाहतो. तेव्हा आधी सेट-टॉप बॉक्स एचडी करायचा आणि पाहिली जाणारी चार-पाच चॅनले एचडीत घ्यायची, हे ठरले. पाच इंच वाढवण्यापेक्षा या बदलाने चित्रात जास्त फरक पडतो आणि खर्चही कमी येतो. ज्यांच्याकडे दूरदर्शनची फ्री डिश आहे त्यांना महिन्याचे पैसे पडत नाहीत, पण तिथे बहुतेक चॅनले साधी असल्यामुळे त्यांनी ४३ इंचांवर थांबलेले बरे. इंटरनेटवरून सिनेमे पाहणाऱ्यांनी घरच्या जोडणीचा वेग पाहावा. फोर-के चित्राला साधारण १५ एमबीपीएस लागतो, तोही टीव्हीच्या जागेपर्यंत पोचणारा.

दुकानात गेल्यावर नावांचा पाऊस पडतो. त्यातले थोडे इथे सांगतो. एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडीच, फक्त मागून उजेड देणारे दिवे एलईडीचे. क्यूएलईडी म्हणजे तोच प्रकार, त्यात रंग अधिक खुलवणारा एक थर. ओएलईडी हा खरोखर वेगळा प्रकार, त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे काळा रंग खरा काळा दिसतो. पण त्याच्या किमती आपल्या बजेटच्या बाहेर आहेत, तेव्हा तो बघून घ्यावा आणि पुढे जावे. खोक्यावर एचडीआर लिहिलेले असते. कमी किमतीच्या टीव्हीत त्याचा अर्थ बहुधा एवढाच, की तसे चित्र आले तर टीव्ही ते स्वीकारतो. ते दाखवायला लागणारा झगझगीत उजेड त्याच्याकडे नसतो. त्यासाठी दोन हजार जास्त मोजू नयेत.

खरी पाहण्याची गोष्ट खोक्यावर सहसा लिहिलेली नसते. पडद्याचे मुख्यतः दोन जातीचे काच-पॅनल येतात. एकाला व्हीए म्हणतात, त्यात काळा रंग गडद येतो, पण बाजूने पाहिले की चित्र फिके पडते. दुसऱ्याला आयपीएस म्हणतात, त्यात काळा रंग थोडा राखाडी दिसतो, पण बाजूने पाहिले तरी चेहरे नीट दिसतात. एकट्या माणसाने अंधारात समोर बसून सिनेमा पाहायचा असेल तर पहिला चांगला. आपल्या घरांत एक जण सोफ्यावर, दोघे खाली सतरंजीवर, एक स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पाहणार. तिथे दुसरा सोयीचा. सेल्समनला जात माहीत नसेल तर वाद घालू नये. टीव्हीच्या समोरून हळूहळू बाजूला चालत जावे आणि चेहऱ्याचा रंग उडतो का ते पाहावे. आम्ही दुकानात मामींच्या कॉटचा कोन धरून उभे राहिलो. एका टीव्हीवर तिथून माणसे आजारी वाटत होती, तो बाद केला.

आणखी एक. दुकानात फुले, मासे, फळे यांची फोर-के चित्रे लावलेली असतात आणि रंग भडक करून ठेवलेले असतात. "मराठी बातम्या लावा," असे म्हणावे. थोडी टाळाटाळ होईल, पण लावतात. मागे एचडीएमआयची किमान तीन भोके आहेत का ते बघावे, त्यातल्या एकावर एआरसी लिहिलेले असावे म्हणजे पुढे साउंडबार जोडता येतो. जुना बॉक्स किंवा डीव्हीडी प्लेअर पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींचा असेल तर ती सोय आहे का, की वेगळा जोड लागेल, तेही विचारावे. आवाजाचे मात्र मनाला लावून घेऊ नये. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, आवाज बेताचाच येतो.

स्मार्ट टीव्हीतल्या संगणकाबद्दल माझे मत जरा वेगळे आहे. पडदा आठ-दहा वर्षे चालू शकतो, पण आतला संगणक चार-पाच वर्षांत रेंगाळू लागतो. त्या वेळी टीव्ही बदलायचे काही कारण नाही. एचडीएमआयच्या भोकात लावायची छोटी स्टिक काही हजारांत मिळते. तेव्हा आज पैसे घालायचे ते पडद्यात घालावेत.

आता हप्त्यांकडे येऊ. भावाच्या टीव्हीची पाटीवरची किंमत ३० हजार होती. "नो कॉस्ट ईएमआय, साहेब. महिना तीन हजार, दहा महिने. व्याज शून्य." मी विचारले, रोख दिले तर? थोडे घोळवून उत्तर मिळाले, २८ हजार. आणि हप्त्याची प्रोसेसिंग फी? ५०० रुपये, ती आधी. म्हणजे २८ हजारांच्या वस्तूसाठी ३० हजार ५०० द्यायचे. अडीच हजार जास्त, तेही वर्ष पुरे व्हायच्या आत आणि कर्ज दर महिन्याला कमी होत असताना. मांडून पाहिले तर हा दर महिन्याला सुमारे १.६ टक्के, म्हणजे वर्षाला १९ टक्क्यांहून अधिक पडतो. क्रेडिट कार्डावर हप्ते केले तर व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटीही लागतो. शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वातच नसते, हे रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावले होते. पाटीवरचे शब्द बदलले, हिशेब तोच आहे. आपल्या कर्मचारी पतपेढीचे व्याज किती ते आधी विचारावे, पुष्कळदा ते याहून कमी असते. भावाकडे भिशीचे २० हजार हातात होते. उरलेल्या आठ हजारांसाठी बोनसपर्यंत थांबायचे ठरले. पुतण्या दोन दिवस रुसला.

वाचलेल्या अडीच हजारांत भिंतीचा ब्रॅकेट, चांगला स्पाइक गार्ड आणि एचडी बॉक्स बसवायचा बराचसा खर्च निघाला. हे खर्च जाहिरातीत नसतात. त्याशिवाय दरमहाचे खर्च आहेत. समजा सगळ्या वर्गण्या मिळून महिन्याला ३०० रुपये जातात, तर वर्षाला ३,६०० आणि पाच वर्षांत १८ हजार. टीव्हीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. आणि मोबाइलवरून ऑटोपे चालू केले की हे पैसे कोणाच्या लक्षातही येत नाहीत. विजेचा हिशेब सोपा आहे. १०० वॅटचा टीव्ही पाच तास चालला की अर्धे युनिट, महिन्याला १५ युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढच्या युनिटांना चढा दर लागतो, म्हणून ज्यांचे बिल ९०-९५ युनिटला थांबते त्यांनी हे पंधरा युनिट आधी धरावेत. ऊर्जा बचतीच्या ताऱ्यांचे लेबल असते त्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात, तो आकडा दोन टीव्हींमध्ये ताडून पाहावा.

टीव्ही घरी आला की खोके आपण उघडू नये, कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबावे. खोके उभेच ठेवावे, आडवे टाकू नये, काच पातळ असते. उघडताना मोबाइलवर चित्रण करावे. चालू केल्यावर पूर्ण पांढरे आणि पूर्ण काळे चित्र लावून रेषा, काळे ठिपके, कोपऱ्यातले डाग पाहावेत. त्या माणसासमोरच पाहावेत, तो गेल्यावर नव्हे.

भिंतीवर लावणारी माणसे टीव्ही फोटोच्या उंचीवर टांगतात. मग पाहणाऱ्याची मान दुखते. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर पडद्याचा मध्य यावा. सोफ्यावर बसलेल्याचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असतात, खाली बसलेल्याचे अडीच फुटांच्या. ५० इंचांच्या टीव्हीची उंची सुमारे ६२ सेंटिमीटर, म्हणजे खालची कड अडीच फुटांच्या आतबाहेर आली की दोघांचेही भागते. ड्रिल लावण्यापूर्वी भिंतीतून वायर आणि पाण्याचा पाइप कुठून गेला आहे ते विचारावे, विशेषतः स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक पाडू देऊ नये. प्लायवूडच्या पार्टिशनवर किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर टीव्ही टांगूच नये, तिथे स्टँड बरा. मात्र लहान मुले असतील तर स्टँडवरचा टीव्ही मागून पट्ट्याने बांधून घ्यावा.

स्टॅबिलायझर हवाच, असे दुकानदार सांगतो. टीव्हीच्या मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असेल तर कमी-जास्त दाबाची सोय त्याच्यातच आहे. पैसे घालायचेच तर अर्थिंग तपासून घेण्यात घालावेत. गावाकडे विजा कडाडू लागल्या की प्लग आणि डिशची वायर, दोन्ही काढून ठेवावीत. त्याला कोणताही डबा पर्याय नाही.

पहिल्यांदा चालू करताना टीव्ही विचारतो, घर की दुकान. "होम" निवडावे, नाही तर तो कायम दुकानासारखा भगभगीत राहतो आणि वीजही जास्त खातो. चित्राच्या प्रकारात "व्हिव्हिड" सोडून "स्टँडर्ड" किंवा "सिनेमा" घ्यावे. पहिले दोन दिवस चित्र पिवळसर वाटते, मग डोळे सरावतात आणि जुना भडकपणा नकोसा होतो. शार्पनेस बराच खाली आणावा, साधी चॅनले त्याने सुधारतात. सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसत असेल तर "मोशन"च्या नावाने असलेली सोय बंद करावी. तुम्ही काय पाहता याची माहिती जाहिरातींसाठी घेऊ का, असेही टीव्ही गोड शब्दांत विचारतो. नकार द्यावा, टीव्ही तसाच चालतो. मुलांसाठी पिन लावावा. रात्री नऊनंतर भावाच्या घरी पुतण्या ब्लूटूथचा इअरफोन लावतो, हीही सोय बहुतेक स्मार्ट टीव्हींत आहे. मार्चपर्यंत ती वापरायची असे वहिनींनी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे.

बिलावर टीव्हीचा अनुक्रमांक लिहिलेला असावा. वॉरंटी एका वर्षाची की अधिक आणि त्यात पॅनल धरले आहे का, हे छापील कागदावर पाहावे, तोंडी आश्वासन धरू नये. तक्रार ऐकली जात नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेही भागले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. आपल्यातले पुष्कळ जण "कुठे भांडत बसायचे" म्हणून सोडून देतात. भांडायचे नसते, अर्ज करायचा असतो.

राहिला जुना टीव्ही. चालू असेल तर ज्याला हवा त्याला द्यावा. बंद पडलेला, विशेषतः काचेच्या नळीचा जुना डबा, भंगारवाल्याला शंभर रुपयांसाठी देऊ नये. त्या काचेत शिसे असते, आणि ती फोडणारा माणूस बहुधा हातमोजेही घालत नाही. नवा टीव्ही देणाऱ्या दुकानात जुना परत घेतात का ते विचारावे, नाही तर अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात नेऊन द्यावा. भावाचा २१ इंचांचा जुना टीव्ही अजून चालतो. तो मामींनी गावी पाठवायला सांगितला आहे, डिशसकट.